लेकराचे दुखणे विचारावे कसे?

समजा, अल्लीपुरात एक घर आहे. घरात माय आहे, बाप आहे, आजी आहे आणि नऊ वर्षांची एक पोरगी आहे. सकाळी सगळे उठतात, पोरगी उठत नाही. माय हाका मारते. पोरगी गोधडीत पडून राहते. उठली तरी भिंत धरून उठते आणि लंगडत न्हाणीपर्यंत जाते. दहा-अकरा वाजले, ऊन अंगावर आले, की तीच पोरगी हळूहळू मोकळी होते. दुपारी तर अंगणात मैत्रिणींबरोबर खेळतेही.

आजी म्हणते, "पाहा, खेळाले पाय आहेत, कामाले पाय नाईत. नाटकं करते पोरगी."

मायला वाटते, सासूबाई म्हणतात तेच खरे असेल. शाळेतल्या बाई म्हणतात, पोरगी आळशी झाली आहे, वहीतले अक्षरही बिघडले आहे. बाप कोणाला काही म्हणत नाही. तो रात्री पोरीचा टोंगळा हाताने चाचपतो. टोंगळा गरम लागतो आणि दुसऱ्यापेक्षा जाडही लागतो.

हे घर आपण धड्यासाठी मनाने उभे केले आहे. पण अशी लेकरे खरी असतात. त्यांच्या या दुखण्याला लहान मुलांचा संधिवात म्हणतात. संधिवात म्हटले की आपल्याला काठी टेकत जाणारा म्हातारा आठवतो. पण हा रोग मुलांनाही होतो. सोळावे वर्ष लागण्याच्या आत सांधा सुजला, ती सूज सहा आठवडे किंवा त्याहून जास्त टिकली आणि दुसरे कोणते कारण सापडले नाही, तर डॉक्टर त्याला हे नाव देतात. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. या रोगात ती फौज चुकते आणि आपल्याच सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. म्हणून सांधा सुजतो, गरम होतो, दुखतो. रात्रभर न हलल्यामुळे तो सकाळी जास्त आखडतो. दिवसभर हालचाल झाली की थोडा सैल पडतो. म्हणजे सकाळची लंगडी आणि दुपारचा खेळ, दोन्ही खरेच असतात. पोरगी नाटक करत नाही.

हा रोग थंड खाल्ल्याने होत नाही, कोणाच्या करणीने होत नाही, एकापासून दुसऱ्याला लागत नाही. त्यावर औषधे आहेत. वेळेवर दिली तर सांधे वाचतात. उशीर झाला तर सांधा वाकडा होऊन तसाच राहू शकतो. काही मुलांच्या डोळ्यांना आतून सूज येते. ती सूज दुखत नाही, डोळा लालही होत नाही, आणि नजर मात्र कमी होत जाते. म्हणून अशा मुलाचे डोळे ठरलेल्या दिवसांनी यंत्राखाली तपासून घ्यावे लागतात.

आता धड्याचा मुख्य विषय.

बाप पोरीला घेऊन सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात गेला, असे समजू. डॉक्टर सांधे दाबून पाहतील, रक्त तपासतील, फोटो काढतील. पण पोरीला वेणी घालता येते की नाही, हे रक्त सांगत नाही. भाकरी मोडताना बोटे दुखतात का, हे फोटोत दिसत नाही. आणि औषधाने गुण येतो की नाही, हे तर यावरूनच कळायचे. ते कळायला एकच रस्ता आहे. विचारायचे. पोरीला विचारायचे, तिच्या मायला विचारायचे. दर वेळी तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारायचे. मग मागच्या वेळेपेक्षा बरे आहे की वाईट, हे मोजता येते.

असे प्रश्न छापलेला एक कागद जगभर वापरतात. त्याचा जन्म अमेरिकेतला. तिथल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. जेम्स फ्राइज यांनी १९८० साली मोठ्या माणसांच्या संधिवातासाठी एक प्रश्नपत्रक केले. त्यावरून १९९४ साली मुलांसाठीचे पत्रक निघाले. ते करणाऱ्यांची नावे गुरकीरपाल सिंग, बालू अत्रेय, जेम्स फ्राइज आणि डोनाल्ड गोल्डस्मिथ. पहिली दोन नावे वाचून आपल्याला बरे वाटते. पण कागद अमेरिकेतल्या मुलांसाठी होता आणि प्रश्न तिथल्या घरांतले होते, हे लक्षात ठेवा.

त्यात तीस प्रश्न आहेत. त्यांचे आठ गट केले आहेत: कपडे व केस, उठणे, खाणे, चालणे, अंगाची स्वच्छता, हात पोचवणे, मूठ व पकड, आणि इतर कामे. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरे. काही त्रास न होता जमते, त्याला ०. थोडा त्रास होतो, त्याला १. खूप त्रास होतो, त्याला २. जमतच नाही, त्याला ३. आणखी एक पाचवा रकाना आहे, 'लागू नाही'. लेकरू त्या कामाला अजून लहान असेल तर तिथे खूण करायची.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक गटातला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. असे आठ आकडे झाले. त्यांची बेरीज करायची, आठाने भागायचे. उत्तर ० ते ३ च्या मधे येते. ० म्हणजे सगळे जमते, ३ म्हणजे सगळेच अडले. लेकराला काठी, कुबडी लागत असेल किंवा दुसऱ्याने हात द्यावा लागत असेल, तर त्या गटाचा आकडा निदान २ धरायचा, असाही नियम आहे.

आता हा कागद मराठीत करून अल्लीपूरच्या त्या घरात नेऊ. कागद नेणारी आशाताई चांगली आहे, धीराने विचारणारी आहे. ती वाचते, "मुलीला टबात शिरून अंघोळ करता येते का? टबातून बाहेर येता येते का?"

माय म्हणते, "टब कायचा बाई? आमच्या घरी बकेट आहे."

"बरं. मांस सुरीने कापता येते का?"

"आम्ही माळकरी आहो जी."

"मोटारीचे दार उघडता येते का?"

माय हसते. पोरगीही हसते. आशाताईलाही हसू येते. तिघी हसतात आणि तीन प्रश्नांपुढे 'लागू नाही' अशी खूण होते. पुढे नाश्त्याचे नवे खोके उघडणे येते, कमोडवर बसणे-उठणे येते, दाराची गोल मूठ फिरवणे येते. सगळीकडे 'लागू नाही'.

यात हसण्यासारखे थोडे आहे आणि बिघडण्यासारखे पुष्कळ आहे. पाटीवर हिशेब करून पाहा. आकडे शिकण्यासाठी घेतले आहेत, कोणा खऱ्या मुलीचे नाहीत.

खाण्याच्या गटात मांस गेले, खोके गेले. उरला पेला तोंडाला लावणे. तो पोरीला जमतो. म्हणून खाणे ०. स्वच्छतेच्या गटात टब गेला, कमोड गेला. उरले अंग धुणे-पुसणे, दात घासणे, केस विंचरणे. थोडा त्रास होतो. म्हणून १. पकडीच्या गटात मोटार गेली, दाराची मूठ गेली, बरणी गेली, नळ गेला. उरले पेन्सिलीने लिहिणे. १. बाकीचे गट असे समजा: कपडे १, उठणे २, चालणे ०, हात पोचवणे १, इतर कामे १. बेरीज ७. आठाने भागले तर १ सुद्धा भरत नाही. डॉक्टर कागद पाहून म्हणतील, फार नाही, थोडा त्रास आहे.

पण याच मायला कोणी तिच्या घरातले विचारले असते तर? पोरीला ज्वारीची भाकरी एका हाताने मोडवते का? मोडवते, पण फार त्रासाने. खाणे २. संडासात उकिडवे बसवते का? बसवतच नाही, माय धरून उभी असते. स्वच्छता ३. ओला फ्रॉक पिळवतो का? नाही. पकड ३. घर झाडवते का? खूप त्रास होतो. इतर कामे २. बाकीचे आकडे तेच ठेवा: १, २, ०, १. बेरीज १४. आठाने भागून पावणेदोन. बरोबर दुप्पट झाले. पोरगी तीच, टोंगळा तोच, दिवसही तोच. फक्त प्रश्न बदलला. पहिल्या कागदाने तिचे निम्मे दुखणे लपवले होते. औषध वाढवायचे की नाही, हे अशा आकड्यांवरूनही ठरते.

याच्या उलटही होते. त्या पत्रकात सायकल चालवण्याचा प्रश्न आहे. ज्या घरी सायकल नाही तिथली माय सांगते, "नाई येत तिले." लिहिणारा 'जमतच नाही' म्हणून ३ लिहून मोकळा होतो. लेकरू धडधाकट असले तरी कागदावर ते लुळे होते!

इथे आपली मराठी कामाला येते. शब्दांकडे नीट पाहा. 'ती सायकल चालवत नाही' म्हणजे घरी सायकल नसेल किंवा तिला आवड नसेल. 'तिला सायकल येत नाही' म्हणजे ती शिकलेलीच नाही. आणि 'तिला चालवत नाही' म्हणजे? म्हणजे तिचे पाय तिला साथ देत नाहीत. मन आहे, शिकलेली आहे, पण अंग ऐकत नाही. मला उठवत नाही, बसवत नाही, बोलवत नाही, गिळवत नाही. आजारी माणसाच्या तोंडी हीच रूपे असतात. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. व्याकरण बाजूला ठेवा. आपली आजी शाळेत न जाताही हा फरक अचूक करते. पत्रकाला जे विचारायचे आहे, ते नेमके याच रूपात बसते. 'ती मांडी घालून बसते का?' असे विचारले तर माय म्हणेल, "बसते की." कारण पंगतीत बसावेच लागते. 'तिला मांडी घालून बसवते का?' असे विचारा. माय थांबेल, पोरीकडे पाहील आणि मग सांगेल.

माझे मत असे की कोणी मराठी पत्रक करताना ही रूपे टाकून 'सक्षम आहे का', 'अडचण जाणवते का' असले शब्द घातले, तर त्याने हातातले चांगले हत्यार फेकून दिले. मात्र एक काळजी घ्यावी. 'सायकल चालवत नाही' हे ऐकताना दोन अर्थ होतात. तिथे रूप बदलावे आणि 'सायकलीचे पायडल मारायला पाय दुखतात का' असे सरळ विचारावे.

मराठीही एकच नाही. पुण्याकडे गुडघा म्हणतात, आपण टोंगळा म्हणतो. तिकडे हंडा, इकडे गुंड. पुस्तकात 'वेदना' लिहितात. आपल्याकडे अंग ठणकते, कळ येते, चमक निघते, सांधा आखडतो. ही सगळी दुखणी वेगवेगळी आहेत. ठणक रात्रभर चालते, चमक येते आणि जाते. 'सांध्यांत ताठरता आहे का?' असे विचारले तर माय गोंधळेल. 'सकाळी अंग आखडते का? मोकळं व्हाले किती वेळ लागते?' असे विचारले तर ती सांगेल, "दूध तापून चहा होईस्तोवर," किंवा, "शाळेची घंटा होईस्तोवर." ते उत्तर घड्याळात बसवणे मग विचारणाऱ्याचे काम.

'वात' या शब्दाचेही तसेच. डॉक्टर संधिवात म्हणतात. आजी ऐकते फक्त वात. मग पोरीचे वांगे बंद, बटाटा बंद, हरभरा बंद, दही बंद. लेकरू आधीच वाळलेले, त्यात ताटातले निघून जाते. म्हणून कागदावर रोगाचे नाव ठळक छापायचे की नाही, याचाही विचार करावा लागतो.

जगात या कामाची एक रीत ठरली आहे. मुलांच्या संधिवातावर काम करणारी डॉक्टरांची एक आंतरराष्ट्रीय संस्था इटलीतल्या जेनोआ शहरात आहे. तिने हे पत्रक ३२ देशांत नेले. त्याचा वृत्तांत २००१ साली छापून आला. आधी दोन-तीन जण वेगवेगळे बसून भाषांतर करतात. मग ते एकत्र बसून एक पाठ ठरवतात. मग मूळ कागद न पाहिलेला माणूस त्या पाठाचे परत इंग्रजी करतो. दोन्ही इंग्रजी कागद शेजारी ठेवून पाहतात. शेवटी तो पाठ खऱ्या आईबापांना वाचायला देतात आणि विचारतात, बाई, यातून तुम्हाला काय समजले? शंभरातल्या ऐंशींना नीट समजले तर प्रश्न पास. नाही तर पुन्हा लिहायचा.

त्या कामात ३२३५ आजारी मुले होती आणि ३४०९ धडधाकट मुले होती. धडधाकट मुलांना कशाला विचारायचे, असे तुम्ही म्हणाल. कारण आहे. एखादे काम धडधाकट मुलांनाही जमत नसेल, तर तो प्रश्न रोग मोजत नाही, दुसरेच काही मोजतो. तोलकाटा आधी रिकामा धरून पाहतात ना, तसेच हे.

रीत चांगली आहे. पण तिच्यात एक भोक आहे. टबाचाच प्रश्न घ्या. इंग्रजीतून मराठी केले, 'टबात अंघोळ'. मराठीतून परत इंग्रजी केले. पहिल्यासारखेच झाले. दोन्ही कागद जुळले. भाषांतर करणारा पास, परत करणारा पास, शब्दात कुठे खोट नाही. आणि अल्लीपुरात टब नाही! शब्द बरोबर आणि प्रश्न निकामी. कागदाला कागद लावून हे कळायचे नाही. त्यासाठी न्हाणीत जाऊन पाहावे लागते.

बरे, टब खोडून बादली लिहिली की झाले काय? तेही नाही. टबात शिरताना मूल पाय उंच उचलते, काठावरून आत टाकते, खाली बसते आणि पुन्हा उठते. त्यात खुबा आणि टोंगळा यांची परीक्षा आहे. म्हणून आपल्याकडे विचारायचे ते असे: न्हाणीच्या दगडावर बसून अंघोळ करून उठवते का? तांब्या डोक्यावर नेऊन पाणी ओतवते का, हा वेगळा प्रश्न. तो खांद्याचा आणि कोपराचा आहे. मांस कापण्यात मनगट आणि बोटे लागतात. भाकरी मोडण्यातही तीच लागतात, म्हणून ती जोडी जमते. मोटारीच्या दाराऐवजी कडी-कोयंडा चालेल. बुटाच्या नाडीऐवजी सलवारीच्या नाडीची गाठ.

नळाच्या जागी मात्र घाई नको. पटकन हातपंप सुचतो. मलाही आधी तोच सुचला. पण नळाची चावी फिरवायला बोटे लागतात आणि हातपंपाचा दांडा दाबायला सगळे अंग लागते. सात वर्षांचे धडधाकट लेकरू दांड्याला लोंबकळते तेव्हा कुठे गुंड भरतो. तो प्रश्न घातला तर गावातली अर्धी चिल्लीपिल्ली आजारी ठरतील. त्यापेक्षा ओला रुमाल पिळणे बरे, बाटलीचे झाकण फिरवणे बरे.

आपल्या देशात मोठ्या माणसांच्या पत्रकाबाबत हे काम झालेले आहे. दिल्लीचे डॉ. अशोक कुमार, डॉ. मालवीय व त्यांचे सहकारी यांनी २००२ साली भारतीय पत्रक छापले. त्यात बाराच प्रश्न आहेत. संडासात उकिडवे बसणे किंवा जमिनीवर मांडी घालणे आहे. ऑटोरिक्षात चढणे-उतरणे आहे. भाजीबाजार करणे आहे, तीन किलोमीटर चालणे आहे. वाचताना वाटते, हे आपल्याच माणसाला विचारले आहे. तरी अल्लीपुरात आणताना पुन्हा पाहावे लागेल. आपल्याकडे हिंगणघाटला किंवा वर्ध्याला जायचे तर एस.टी. धरावी लागते, आणि एस.टी.ची पहिली पायरी ऑटोरिक्षापेक्षा पुष्कळ उंच. दुखऱ्या टोंगळ्याला तेवढा फरक फार होतो.

आणि महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातले भिगवण आहे. तिथे १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी सांधेदुखीची घरोघर पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाताच्या डॉक्टरांची जागतिक संघटना यांच्या कार्यक्रमातले हे काम होते. प्रश्न घेऊन घरोघर गेले ते गावातलेच शिकवून तयार केलेले कार्यकर्ते. माणसाचे चित्र पुढे ठेवून, कुठे दुखते ते त्यावर दाखवा, असे विचारत. चित्राला भाषा लागत नाही. ४०९२ मोठ्या माणसांमध्ये ७४६ जणांना हाडे, सांधे किंवा स्नायू यांचे दुखणे निघाले, म्हणजे शंभरात अठरा. त्यातले पुष्कळ लोक हे दुखणे वयाचे, कामाचे म्हणून अंगावर काढणारे. विचारले तेव्हा बाहेर आले.

दुखणे किती, हे विचारायला मुलांच्या पत्रकात शेवटी एक रेघ असते. दहा सेंटिमीटर लांब. एका टोकाला 'अजिबात दुखत नाही', दुसऱ्या टोकाला 'फारच जास्त दुखते'. मधे कुठे आहे तिथे खूण करायची. शाळेत मोजपट्टी वापरलेल्याला हे सोपे. ज्याने कधी पेन धरले नाही, तो बहुतेक वेळा रेघेच्या मधोमध खूण करतो किंवा पेन परत देतो. पण तोच माणूस तोंडाने बरोबर मोजतो. रुपयाचे सोळा आणे १९५७ साली गेले, तरी आमची म्हातारी माणसे अजून म्हणतात, "बारा आणे बरं वाटते, चार आणे राह्यलं." ही रेघच झाली की! मोठ्यांसाठी ती चालेल. लेकरांना आणे ठाऊक नाहीत. त्यांना दोन हात पसरून, एवढे दुखते का, की एवढे, असे विचारता येते. पण कोणतीही युक्ती आधी दहा-वीस घरांत वापरून पाहावी, आठ-पंधरा दिवसांनी त्याच घरांत पुन्हा विचारावे आणि उत्तर जुळते का ते पाहावे. नुसती सुचली म्हणून छापू नये.

कामाच्या प्रश्नांत मुलगा-मुलगी हाही घोळ आहे. पत्रकात भांडी घासणे, खोली झाडणे आहे. मुलाच्या मायला विचारा, "पोरगा भांडी घासते का?" ती म्हणेल, "त्याले कोण लावते बाई भांड्याले!" मग खूण कोणती करायची? त्याच्यासाठी दुसरे काम हवे. दुकानातून सामान आणणे, बकरीला चारा टाकणे, घरी जे असेल ते. म्हणून प्रश्नात तीन-चार कामे द्यावीत आणि 'यांपैकी जे घरी करते ते' असे म्हणावे.

आणि विचारते कोण, यानेही उत्तर बदलते. पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरला माय म्हणते, "बरं आहे जी आता." एवढा मोठा माणूस वेळ देऊन विचारतो आहे, त्याला वाईट कसे सांगायचे? शेजारी सासू बसली असेल तर ती आणखी कमी सांगते. हाच कागद तिला घरी नेता आला, दिवा लावून निवांत वाचता आला आणि स्वतः खूण करता आली, तर उत्तर निराळे येते. या वर्गात आपण 'जमते', 'जमत नाही' हे शब्द पाटीवर गिरवले, ते उगाच नाही.

थोडे औषधाचेही सांगतो, कारण त्यात चूक झाली तर जिवावर बेतते. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी या रोगात पुष्कळ मुलांना देतात. ती आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. रोज घ्यायची नाही. चिठ्ठीवरचा वार वाचा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला गोल करा. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. आणि सुजलेल्या सांध्यावर डाग देऊ नका, बिब्बा लावू नका. त्याने कातडी भाजते. आतली सूज तशीच राहते.

मुलांच्या पत्रकाचे दोन पाठ आहेत. एक आईबापांनी भरायचा, आणि आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांनी स्वतः भरायचा दुसरा. दोघांची उत्तरे नेहमी जुळतात असे नाही. आपल्या घरातल्या पोरीला आतापर्यंत कोणी काही विचारले नव्हते. आशाताईने मायला म्हटले, "वहिनी, तुमचं झालं. आता हिचं घेऊ." मायला थोडे नवल वाटले. ती चहा ठेवायला आत गेली.

"तुले भाकरी मोडवते का गं?"

"नाई. मी वरणात भिजू देते. मग मोडाची गरजच नाई पडत. मायले वाटते मले वरण आवडते."

"शाळेत खाली बसवते का?"

"बसवते. उठवत नाई."

"मग उठते कशी?"

पोरीने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. मग म्हणाली, "मी मागं बसते, भिंतीजवळ. सुट्टी झाली का सगळे जाऊ देते. मग भिंत धरून उठते. कोणी पाहत नाई."

आशाताईने दुसऱ्या गटात ३ लिहिले. मायच्या कागदावर तिथे २ होते. तिने ते खोडले नाही. दोन्ही कागद एकावर एक ठेवून घडी घातली आणि पिशवीत टाकली.